ग्राहकाची वही कुणाची? रामकुंडापासून सीआरएमपर्यंत

(ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटणाऱ्यांसाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलण्याच्या ओघातली काही वाक्यं मुद्दाम तशीच ठेवली आहेत.)



आजचा विषय सांगितला तेव्हा आमच्या घरातलेच लोक हसले. म्हणाले, याचा काय इतिहास असणार? विषय आहे सीआरएम, म्हणजे कस्टमर रिलेशनशिप मॅनेजमेंट. साध्या भाषेत सांगायचं तर गिऱ्हाइकांची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर. कोण आलं, काय घेतलं, काय तक्रार होती, पुन्हा कधी फोन करायचा, हे सगळं एका जागी. आता छोटे छोटे दुकानदारही ते वापरतात. दिसायला विषय अगदी कोरडा आहे, कबूल. पण त्याच्या पोटात एक जुनं भांडण आहे, आणि ते भांडण माझ्या घरात, आमच्या दुकानात घडलं. तिथूनच सुरुवात करतो.

तीन वर्षांपूर्वी अण्णा गेले. अण्णा म्हणजे माझे वडील. अस्थिविसर्जनासाठी आम्ही दोघे भाऊ नाशिकला रामकुंडावर गेलो. तिथल्या गुरुजींनी विचारलं, "आडनाव काय? मूळ गाव कोणतं?" बस, एवढंच. मग कापडात गुंडाळलेली एक वही आणली, पानं उलटली आणि एका जागी बोट ठेवलं. आमचे पणजोबा! मोडीतली दोन ओळींची नोंद. मला मोडी येत नाही, गुरुजींनीच वाचून दाखवली. कोण आले होते, कशासाठी, बरोबर कोण होतं. त्याच्या खाली आजोबांची सही. मग गुरुजींनी पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "लिहा. मुलाबाळांची नावंही लिहा."

डोळे भरून आले, हे खरं. पण परतताना गाडीत धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, हे तर सीआरएमच झालं की रे."

आणि त्याचं बरोबरच होतं. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया, हरिद्वार, अशा तीर्थक्षेत्रांतल्या उपाध्यायांनी पिढ्यान् पिढ्या या वह्या ठेवल्या. यजमान गावावरून आणि आडनावावरून शोधायचा. तो मागे कधी आला, कुटुंबात कोण कोण आहे, ते पाहायचं, नवी नोंद घालायची. पुढच्या पिढीतला माणूस आला की त्याला वाटतं, हे तर आपलेच गुरुजी. आता मजा बघा. या वह्या वारशाने मिळायच्या. भावाभावांत वाटण्या झाल्या की यजमानांचीही वाटणी व्हायची. अमुक गावचे यजमान थोरल्याकडे, तमुक गावचे धाकट्याकडे. म्हणजे वही ही जमिनीसारखी मालमत्ता होती, आणि तिच्या पानांवर होतो आपण.

तर आजचा प्रश्न हा: ग्राहकाची माहिती असलेली वही कुणाची? दुकानाच्या मालकाची, प्रत्यक्ष गिऱ्हाईक सांभाळणाऱ्या माणसाची, की खुद्द गिऱ्हाइकाची?

अण्णांचं डोकं आणि नानांचं डोकं

आमचं दुकान निफाड तालुक्यात. पाण्याचे पंप, मोटारी, स्टार्टर यांची विक्री आणि दुरुस्ती. कुणाच्या विहिरीवर पाच एचपीची मोटर आहे, कुणाच्या बोअरला किती फुटांवर पाणी लागलं, कुणाची मोटर दर उन्हाळ्यात जळते कारण त्याच्या लाइनला व्होल्टेजच मिळत नाही, हे सगळं अण्णांना तोंडपाठ. वह्या होत्या की. रोजकीर्द होती, खतावणी होती, लक्ष्मीपूजनाला त्यांची पूजाही व्हायची. पण त्या वह्यांत होते पैसे. कुणाकडे किती बाकी, एवढंच. बाकी सगळं अण्णांच्या डोक्यात.

आणि थोडं नानांच्या डोक्यात. नाना आमच्याकडे अठ्ठावीस वर्षं वायंडिंगचं काम करतात. शेतकरी मोटर घेऊन आला की ती उघडायच्या आधीच नाना सांगणार, "मागच्या टायमाला हिचा बुश गेलता ना?"

अण्णा गेले आणि पहिल्याच उन्हाळ्यात भावाला फटका बसला. नको तो माल भरला गेला. जुनी गिऱ्हाइकं आली, पण त्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, म्हणून काही दुसरीकडे गेली. भावाने मग महिन्याच्या भाड्याचं एक सीआरएम घेतलं आणि नानांच्या मोबाइलमध्येही टाकून दिलं. "नाना, मोटर आली की फक्त एवढं भरायचं."

दोन महिन्यांनी बघतो तर नानांच्या नावावर एकही नोंद नाही. भाऊ वैतागला. त्याला वाटलं, म्हातारपण, मोबाइल जमत नसेल. दिवाळीत मी गावी गेलो तेव्हा नानांना सहज विचारलं. नाना हसले आणि म्हणाले, "भाऊ, जमतं हो मला. नातवाला व्हिडिओ कॉल मीच लावतो. पण एक सांगा. हे सगळं यात भरलं, की मग माझं काय काम उरलं?"

मला उत्तर देता आलं नाही. मंडळी, त्या एका प्रश्नापायी मी हा सगळा इतिहास वाचायला घेतला. तो घडला मुख्यतः अमेरिकेत, म्हणून आता थोडा वेळ तिकडे जाऊ.

फिरणारी कार्डं

न्यूयॉर्कमध्ये अर्नोल्ड न्यूस्टॅडर नावाचे एक गृहस्थ होते. त्यांची झेफर अमेरिकन नावाची कंपनी टेबलावरच्या वस्तू बनवायची. न सांडणारी दौत बनवली, तिचं नाव स्विव्होडेक्स. कागदाला भोकं पाडायचं यंत्र बनवलं, ते पंचोडेक्स. प्रत्येक नावाच्या शेवटी 'डेक्स' लावायची त्यांना हौसच होती. १९५६ मध्ये त्यांनी हिल्डौर नीलसेन या इंजिनिअरच्या मदतीने रोलोडेक्स तयार केलं आणि १९५८ मध्ये ते बाजारात आलं. जुन्या अमेरिकन सिनेमात साहेबाच्या टेबलावर कार्डांचं एक गोल चाक दिसतं ना, तेच हे. एका कार्डावर एक माणूस. नाव, फोन, पत्ता. माणूस बदलला की कार्ड काढा, नवं खोचा. बाकीच्यांना धक्का नाही. बांधलेल्या वहीत हे जमत नाही, तिथे खाडाखोड होते.

पण खरी गंमत कार्डाच्या मागच्या बाजूला होती. सेल्समन तिथे पेन्सिलीने लिहून ठेवायचा: बायकोचं नाव, मुलगा कुठल्या कॉलेजात, मागच्या वेळी भाव कशावरून फिसकटला. ही माहिती कंपनीच्या कुठल्याच फाइलमध्ये नसायची. सेल्समनने नोकरी बदलली की ते चाकही त्याच्याबरोबर निघायचं. कुणाचं रोलोडेक्स किती जाड, यावर त्या माणसाची किंमत ठरायची. गिऱ्हाइकांची यादी मालकाची की नोकराची, यावर तिकडे कोर्टकज्जेही होत राहिले. म्हणजे नानांचा प्रश्न नवा नाही.

एकट्या सेल्समनचं सॉफ्टवेअर

आता १९८० च्या दशकात या. टेबलावर पर्सनल कॉम्प्युटर आलाय. टेक्सासमधल्या डॅलस शहरात पॅट सुलिव्हन आणि माइक मुह्नी हे दोघे विक्रीच्या धंद्यातले. त्यांनी आधी हाती घेतलं होतं खर्चाचा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर. ते चालणार नाही हे लक्षात आलं तोवर भांडवल संपत आलेलं. मग त्यांनी विचार केला, सेल्समन म्हणून आपल्याला स्वतःला रोज काय लागतं? कुणाला भेटलो, काय बोललो, पुढचा फोन कधी, हे लक्षात ठेवणारं काहीतरी. त्यातून १९८७ मध्ये 'अ‍ॅक्ट' नावाचं सॉफ्टवेअर बाजारात आलं. छोट्या धंद्यांच्या सीआरएमची वंशावळ लिहायची झाली, तर मूळपुरुष म्हणून याचंच नाव घालावं लागेल.

तेव्हा त्याला सीआरएम म्हणत नव्हते, कॉन्टॅक्ट मॅनेजर म्हणायचे. आणि माझ्या मते इथली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही की ते एकट्या माणसासाठी होतं. भरणारा तोच, वापरणारा तोच. सकाळी कॉम्प्युटर लावला की आज कुणाला फोन करायचे ते समोर. आज नोंद केली तर पुढच्या महिन्यात त्याचाच सौदा होणार. म्हणून कुणी न सांगता माणसं त्यात माहिती भरत होती.

दोन वर्षांनी, १९८९ मध्ये, जॉन फेरारा आणि इलान सूसर या दोघा मित्रांनी गोल्डमाइनची सुरुवात केली. त्याचा भर होता ऑफिसातल्या नेटवर्कवर. चार जणांच्या ऑफिसात चौघांना एकच यादी दिसावी. छोट्या धंद्याला हे सोन्यासारखंच. एक जण रजेवर असला तरी दुसरा गिऱ्हाइकाशी बोलू शकतो. पण एक गोष्ट गुपचूप बदलली. कार्डाच्या मागची पेन्सिलीची टीप आता शेजाऱ्यालाही दिसू लागली.

साहेबांचं सॉफ्टवेअर

१९९३ मध्ये टॉम सीबेल आणि पॅट्रिशिया हाउस यांनी सीबेल सिस्टिम्स काढली. सीबेल आधी ओरॅकलमध्ये होते, मोठ्या कंपन्यांना सॉफ्टवेअर कसं विकायचं हे त्यांना पक्कं ठाऊक. त्यांचं सॉफ्टवेअर मोठ्या कंपन्यांसाठी होतं. सर्व्हर घ्या, सल्लागार बोलवा, बसवायलाच महिनेन् महिने. याच दशकात 'सीआरएम' हे नाव रुळलं.

इथे वहीचा मालक उघडउघड बदलला. सॉफ्टवेअर आता सेल्समन विकत घेत नव्हता, त्याचा साहेब घेत होता. साहेबाला काय हवं? या तिमाहीत किती माल जाणार, कोण मागे पडलंय, कोण नोकरी सोडून गेला तर त्याची गिऱ्हाइकं कुणाला द्यायची. त्यात गैर काहीच नाही, धंदा असाच चालवावा लागतो. पण भरायचं सेल्समनने आणि फायदा साहेबाला, असं झाल्यावर सेल्समनने काय केलं? नानांनी केलं तेच. भरलंच नाही. किंवा शुक्रवारी संध्याकाळी बसून काहीतरी थातूरमातूर भरलं. सीआरएम घेतलं पण चाललं नाही, अशी रड तुम्ही कुठल्याही धंदेवाल्याकडे ऐकाल. पुष्कळ वेळा त्याचं मूळ इथे असतं. दोष सॉफ्टवेअरचा असेलही, पण आधी विचारावं, भरणाऱ्याला त्यातून काय मिळतं?

वही भाड्याने

१९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या टेलिग्राफ हिलवर, एका लहानशा भाड्याच्या फ्लॅटमध्ये सेल्सफोर्स सुरू झाली. मार्क बेनिऑफ, पार्कर हॅरिस, डेव्ह मोएलनहॉफ आणि फ्रँक डॉमिंगेझ. बेनिऑफही ओरॅकलमधलेच. त्यांचं म्हणणं, सॉफ्टवेअर विकत घेऊच नका. इंटरनेटवर उघडा, वापरा आणि माणशी दरमहा भाडं द्या. सर्व्हर नको, सल्लागार नको. २००० मध्ये तर त्यांनी कमालच केली. सॅन फ्रान्सिस्कोत सीबेलची परिषद भरली होती, तिथे भाड्याने नट आणून 'सॉफ्टवेअर संपलं' असा खोटा मोर्चा काढला! २००४ मध्ये कंपनी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आली, तीही 'सीआरएम' हेच चिन्ह घेऊन. दुसऱ्याच वर्षी ओरॅकलने सुमारे ५.८ अब्ज डॉलरना सीबेल विकत घ्यायचा करार केला.

छोट्या धंद्यासाठी हा मोठा बदल होता. लाखांच्या जागी महिन्याचं बिल आलं. पण वहीच्या मालकीच्या वादात आता आणखी एक हिस्सेदार आला: घरमालक. वही तुमची, पण ठेवलीय त्याच्या माडीवर. भाडं थकलं की किल्ली त्याच्याकडे. म्हणून सीआरएम घेताना पहिला प्रश्न हा विचारावा, की माझी सगळी यादी मला हवी तेव्हा, साध्या फाइलमध्ये, बाहेर काढता येईल ना? भाव त्यानंतर बघा.

याला उत्तर म्हणून २००४ मध्ये शुगर सीआरएम आलं. त्याचा कोड खुला होता, हवं तर स्वतःच्या सर्व्हरवर बसवा. त्याच कोडवरून व्हीटायगर उभं राहिलं, ते आपल्या देशात. आणि चेन्नईची गोष्ट तर सांगायलाच हवी. श्रीधर वेंबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये अ‍ॅडव्हेंटनेट काढली. त्यांचा माल घ्यायच्या दूरसंचार कंपन्या. २००१ च्या मंदीत त्याच कंपन्या आडव्या झाल्या. मोजक्या मोठ्या गिऱ्हाइकांवर धंदा टांगून ठेवला की काय होतं, ते या लोकांनी अंगावर घेतलं. पुढे ते छोट्या धंद्यांकडे वळले, २००५ मध्ये झोहो सीआरएम आलं आणि २००९ मध्ये कंपनीचंच नाव झोहो झालं. आज त्यांचं सीआरएम तीन जणांपर्यंत मोफत वापरता येतं. तीन जण म्हणजे आमचं अख्खं दुकान!

आपल्याकडे आधी हिशोब का आला?

इथे एक प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. आपल्या छोट्या दुकानदाराने कॉम्प्युटर तर केव्हाच घेतला. बेंगळुरूच्या श्यामसुंदर गोयंकांना स्वतःच्या धंद्याचा हिशोब ठेवायला सॉफ्टवेअर हवं होतं, ते त्यांचा मुलगा भरत याने लिहिलं, आणि १९८६ मध्ये जी कंपनी सुरू झाली तिचंच टॅली गावोगाव पोचलं. मग गिऱ्हाइकाची वही एवढी मागे का राहिली?

मला सापडलेलं उत्तर साधं आहे. हिशोब सरकार मागतं. महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ ला व्हॅट आला, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, आणि प्रत्येक वेळी कॉम्प्युटरवरचा हिशोब टाळणं आणखी अवघड झालं. पण गिऱ्हाइकाच्या विहिरीला किती पाणी आहे, हे कुठलंच खातं विचारत नाही. ती माहिती लिहिली नाही तर दंड बसत नाही. ती हरवल्याचं कळतं ते थेट माणूस गेल्यावर. आम्हाला कळलं तसं.

जानेवारी २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस आलं आणि आपल्या दुकानदाराला पहिल्यांदा वापरण्याजोगं काहीतरी मिळालं. त्यात गिऱ्हाइकाला लेबल लावता येतं: नवा ग्राहक, नवी ऑर्डर, पैसे येणे बाकी, पैसे मिळाले. बारीकसं सीआरएमच ते. पण पुन्हा बघा, नंबर कुणाचा? कितीतरी दुकानांत गिऱ्हाइकं कामगाराच्या स्वतःच्या नंबरवर बोलत असतात. तो गेला की सगळं बोलणं त्याच्याबरोबर गेलं. रोलोडेक्सचं चाकच, फक्त खिशात मावणारं.

आणि गिऱ्हाईक? त्याला तर कुणी विचारलंच नव्हतं. २०२३ मध्ये आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. माझी माहिती दुरुस्त करा, काढून टाका, असं म्हणायचा हक्क त्याने माणसाला दिला. रामकुंडावर निदान पेन आमच्या हातात दिलं होतं. काय लिहायचं ते आम्ही ठरवलं होतं.

नानांचं उत्तर

तर हे सगळं वाचून झाल्यावर मी भावाला म्हटलं, "अरे, नाना बरोबर बोलतायत. आपण त्यांच्याकडून त्यांची अठ्ठावीस वर्षं फुकट मागतोय."

भाऊ आधी चिडला. म्हणाला, "दादा, पगार देतो की मी." मग गप्प झाला. आठवड्याने त्यानेच नानांना समोर बसवलं. ठरलं ते असं. नानांनी टाइप करायचं नाही, मोटर उघडताना जे बोलतात तेच बोलायचं, लिहून घ्यायचं काम दुकानातल्या पोराचं. भरायच्या गोष्टी तीनच: मोटर कुठली, बिघाड काय, आणि मूळ कारण काय. प्रत्येक नोंदीवर सांगणाऱ्याचं नाव. आणि नानांनी सांगितलेल्या नोंदीवरून पुढे जे काम येईल, त्यात नानांचा ठरलेला वाटा. नानांनी काम सोडल्यावरही दोन वर्षं.

उपाध्यायांच्या वाटणीची आठवण झाली मला. वहीची किंमत असते, तशी ती भरणाऱ्या हाताचीही असते. आणि हो, गिऱ्हाइकाला विचारून मगच नंबर लिहायचा, हेही ठरलं.

या उन्हाळ्यात गावी गेलो तेव्हा यादीत चारशेच्या वर नोंदी होत्या. काही नोंदींत नानांची वाक्यं जशीच्या तशी. एका ठिकाणी लिहिलंय, "मोटर चांगली आहे, विहिरीतला गाळ काढा म्हणावं." हे अण्णाच बोलल्यासारखं वाटलं. मी नानांना विचारलं, "आता सगळं भरून झालं का?"

नाना म्हणाले, "जवळजवळ. दोन-चार गोष्टी अजून डोक्यातच ठेवल्यात, भाऊ. असू द्या."

मी म्हटलं, असू द्या.

तर मंडळी, आजच्या भागात एवढंच. तुमच्या घरात, दुकानात, ऑफिसात अशी एखादी वही असेल, लाल कापडाची, रोलोडेक्सची नाहीतर मोबाइलमधली, तर ती कुणी भरलीय ते एकदा बघा. आणि तो माणूस अजून तुमच्यासोबत असेल, तर त्याच्याशी आजच बोला. भेटूच पुढच्या भागात. नमस्कार!